कळ ओळखणारी डबी

सुलभाकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. उरलेल्या वेदनाशामक गोळ्या परत न्यायला सिस्टर शर्वरी घरी आली होती.

"काकू, डबी द्या आता. या गोळ्या घरात राहिल्या की कुणाला तरी सवय लागते."

"अगं, माझ्या अंगात खरी कळ उठल्याशिवाय ती उघडतच नाही ना! मग कोण घेणार?"

"म्हणून तर आले. दवाखान्यात नोंद दिसते, ती अजून रोज उघडतेय."

"दुखतंय गं."

शर्वरीने डबीचा छोटा पडदा पाहिला. "गुडघा शांत आहे, काकू. कळ डाव्या हाताच्या बोटांतून येतेय."

काकूंनी हात पदराखाली घेतला. आतल्या खोलीतून त्यांच्या मुलाचा, निशिकांतचा, घोगरा आवाज आला, "आई, गेली का ती?"

शर्वरीने हळूच विचारलं, "हात तो पिरगाळतो?"

"छे! तो हातसुद्धा लावत नाही. गोळी नाही मिळाली की त्याची तडफड बघवत नाही, म्हणून मीच बोटं दारात ठेवते आणि दार ओढते."

शर्वरीने डबी पिशवीत टाकली. काकूंनी अडवलं नाही.

"ने बाई. फक्त त्याला काय सांगू, तेवढं सांगून जा."