जिना

दिवसभर फलंदाजामागे उकिडवा बसणाऱ्या कॅचरचे गुडघे मैदानावर नाही, त्याच्या घरच्या जिन्यावर बघायचे, हे खेळाडू पारखणाऱ्या नव्या निरीक्षकांना मीच शिकवतो. म्हणून आमच्या बेसबॉल संघाने कॉलेजातून निवडलेल्या कोल्बी रीसकडे करार व्हायच्या आधी जेवायला गेलो. आईने हाक मारली तसा तो वरून उतरला. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

खाली येऊन ओशाळं हसला. "सामन्यात काही जाणवत नाही, सर. शप्पथ."

सकाळी साहेबांचा फोन आला. "काय रे, जिना उतरताना पाहिलंस ना त्याला?"

"पाहिलं. झकास उतरला."

"मग झालं तर! उद्या सही."

तीस वर्षांपूर्वी मीही कॅचर होतो. आमच्या जिन्याखाली उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या निरीक्षकाने माझं अडखळत उतरणं पाहून खरं तेच लिहिलं आणि माझी सही होता होता राहिली. आजवर त्याला शिव्याच घातल्या.

काल कोल्बीच्या आईने सहीचा फोटो पाठवला. तो बघून मी पाणी प्यायला खाली निघालो. पन्नाशी उलटली तरी कठड्याला हात न लावता भराभर उतरलो, आणि हे गुडघे कुणी वाचवले ते उमगून शेवटच्या पायरीवर मटकन बसलो.