ढेकीवरचा पाय

"लगन झाल्यावर नौकरी सोडशीलच नं, पोरी?"

सुलोचनाबाईंनी विचारलं ते असं, जसं उत्तर कधीचंच ठरलं आहे. त्यांच्या मुलासाठी, चंद्रकुमारसाठी, खुशीला पाहण्याचा कार्यक्रम चालला होता. तोही बोदलकसा तलावाजवळच्या जुनं गाव दाखवणाऱ्या संग्रहालयात. हा हट्ट खुशीचाच. घरी मान खाली घालून पोह्यांच्या प्लेटा फिरवणं तिला जमणारं नव्हतं. बिरसीच्या विमानतळावर नोकरी करणारी पोरगी ती!

"नाही सोडणार," खुशी म्हणाली.

तिच्या आईनं, मंदाबाईनं, पदरानं तोंड पुसलं. झालं, हेही स्थळ गेलं.

सगळे एका मातीच्या घराच्या पडवीत उभे होते. समोर धान कांडायची ढेकी होती. लांबलचक लाकूड, एका टोकाला पाय द्यायचा, दुसऱ्या टोकाला मुसळ, मुसळाखाली जमिनीत उखळ. उखळात धान टाकलेलं होतं आणि पाहुण्यांनी चालवून पाहावं अशी पाटीही होती.

"आमच्या घरच्या सुनेले काम आलं पाह्यजे," सुलोचनाबाई ढेकीकडं बोट करून म्हणाल्या. "आम्ही हे करतच म्हातारे झालो. तुले जमते का?"

"जमते. आजीसंगं केलं हाये." खुशीनं सँडल काढल्या आणि ढेकीच्या टोकावर पाय ठेवला. "पण हे एकटीचं काम नोहे. मी दाबीन. खाली धान कोण फिरवते?"

तिनं सरळ चंद्रकुमारकडं पाहिलं. बिचारा मघापासून मोबाईलवर व्हिडिओ काढत होता.

"तो कायले?" सुलोचनाबाई उसळल्या. "हे बायांचं काम हाये!"

"मंग राहू द्या." खुशीनं पाय काढून घेतला.

चंद्रकुमारनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा त्या जड मुसळाकडं. मग मोबाईल आईच्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि उखळापाशी उकिडवा बसला.

"हळू दाबजो," तो म्हणाला.

"घाबरू नका. मुसळ वर गेलं का हात घाला, मी पाय सोडायच्या आधी काढा."

धप्प. मुसळ वर. हात आत, हात बाहेर. धप्प. चारदोनदा चुकतमाकत झालं आणि मग दोघांची लय बसली. चंद्रकुमारला तर मजाच वाटायला लागली. मंदाबाई पदराआड हसली.

सुलोचनाबाईंना मात्र राहवेना. त्या खुशीच्या अगदी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "ते सारं ठीक हाये, पोरी. पण मी नौकरीचं म्हणत होती..."

खुशीनं मान त्यांच्याकडं वळवली. मुसळ वरच थांबलं.

"माय!" चंद्रकुमार खालून ओरडला. "तिची नौकरी तिले पाहू दे. तू बोलू नोको. माहा हात आत हाये!"