जपून वापरलेलं मशीन

आईची कंबर दुखते म्हणून प्रणालीनं अमरावतीहून अंजनगावला व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दिला. महिन्याभरानं माहेरी आली, तर बाबा कमरेला टॉवेल गुंडाळून घर झाडत होते. महादेवरावांनी खाटेखालचे खडे वेचले, कोपऱ्यातली जाळी काढली, फरशी पुसून पंख्याखाली वाळवली. सगळं लख्ख झाल्यावर त्यांनी मशीन काढलं आणि त्या स्वच्छ फरशीवरून अलगद फिरवलं.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी? कचरा ओढासाठीच तं आनली ना ही मशीन!"

"अवं, अंदर कचरा गेला तं खराब नाई होईन का? तुह्या मायनंच सांगतलं मले. पानी नको, खडा नको, केस नको, अन् धूळ तं बिलकुल नको. पाह्य, अजून कशी नवीकोरी हाये."

प्रणाली तरातरा स्वयंपाकघरात गेली. जमुनाबाई भिंतीला टेकून निवांत चहा पीत होत्या.

"आई, बाबाले असं काहून सांगतलं तू?"

"हळू बोल," जमुनाबाईंनी दाराकडं पाहिलं. "अन् पुढच्या खेपेले वॉशिंग मशीन आन."