साडेसहाशे खुर्च्या

"अजून पन्नास खुर्च्या मागव," येसाजीराव म्हणाले.

मिलिंदनं मैदानाकडे पाहिलं. म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या त्या मोकळ्या जागेत सहाशे खुर्च्या आधीच मांडून झाल्या होत्या. "काका, सभा पाचला आहे. आत्ता कुठे चार वाजलेत. या तरी भरू देत."

"भरतील. माणूस खोटं बोलतो रे, खुर्ची बोलत नाही."

खुर्च्या येसाजीरावांना कळत. पस्तीस वर्षं त्यांचा शामियान्याचा धंदा. म्हैसुरातली लग्नं, मुंजी, बारशी, बाराव्याची जेवणं त्यांच्या कापडाच्या सावलीत झाली. निवडणुकांच्या सभाही. सभेत कुणी खुर्ची दाराकडे सरकवली, तर तो जेवणापुरता आलेला. कुणी स्वतःच्या हातानं उचलून पुढे आणली, तर त्याचं मत पक्कं. एवढ्यावर ते निकाल सांगत, आणि तो चुकत नसे.

दुसऱ्यांसाठी किती व्यासपीठं बांधली, त्याला गणती नव्हती. त्यांतल्या एकावरही ते कधी बसले नव्हते. साठी उलटली तेव्हा हे मनाला टोचू लागलं. त्यांनी धंदा पुतण्याच्या, जयच्या हाती दिला आणि महापालिकेसाठी अपक्ष म्हणून अर्ज भरला. समोर उभ्या होत्या नागरत्नाम्मा, याच विजयनगर वॉर्डातून दोनदा निवडून आलेल्या.

"आणि पडलात तर?" अर्ज भरला त्या दिवशी त्यांच्या पत्नीनं, कमलिनीबाईंनी विचारलं होतं.

"पडलो तर जन्मात पुन्हा स्टेजवर पाय ठेवणार नाही. शब्द देतो तुला."

त्यांचा शब्द कसा असतो, हे बाईंना ठाऊक होतं.  त्या दिवसापासून देवापुढं तुपाचं निरांजन रोज एक जास्त लागू लागलं.

मिलिंद त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पुण्याहून आलेला, शहरातल्याच हेब्बाळ भागातल्या कंपनीत नोकरीला. प्रचाराच्या सुरुवातीलाच तो म्हणाला होता, "काका, घरोघर फिरायला हवं. लोकांच्या दारात उभं राहायला हवं."

"सुम्ने, उगाच पाय कशाला झिजवायचे?" येसाजीरावांनी खिशातून फोन काढला होता. "यात चार हजार नंबर आहेत. एकेकाच्या घरचं कार्य मी उभं केलंय. ती माणसं मला विसरणार? तू सगळ्यांना एक मेसेज टाक. सही माझी, शुद्धलेखन तुझं."

मिलिंदनं मेसेज टाकला. उत्तरांचा पाऊस पडला. 'येतो.' 'सहकुटुंब येतो.' 'राव, तुमच्यासाठी नाही यायचं तर कुणासाठी?'

आता कमलिनीबाई व्यासपीठाच्या कडेला बसून हारांचे दोरे सारखे करत होत्या. हाताला काम मिळालं की त्यांच्या ओठांवर आईकडची ओवी येई. नाही आठवली, तर नवी जुळे.

"साऱ्या गावाला सावली, माझ्या धन्याच्या मांडवाची,
माझ्या अंगणी उन्हं बाई, गोष्ट कुणाला सांगायाची."

"टोमणा मारतेस?" येसाजीराव हसले.

"ओवी आहे हो. लागली तर टोमणा."

"चार वर्षं झाली इथं घर बांधून. तुला ऊन कुठलं?"

"चार वर्षांत चार संध्याकाळी तरी अंगणात बसलात का? सदा दुसऱ्याच्या लग्नात!"

पावणेपाचला माणसं येऊ लागली. आधी दोन-दोन, मग झुंडीनं. स्कूटरी, मोटारी, एक अख्खी मिनीबस. मैदानाभोवतीच्या गल्ल्या भरल्या, फाटकांपुढं गाड्या लागल्या. वरच्या गॅलऱ्यांमधून लोक वाकून बघत होते. येसाजीरावांनी त्यांनाही हात जोडले.

पहिल्या रांगेत श्रीनिवासराव घाम पुसत टेकले. हातात हेल्मेट होतं. "काय ट्रॅफिक नोडी, बघा तरी! पाऊण तास लागला. पण म्हटलं, जायचंच. माझ्या मुलीच्या, पावनीच्या लग्नात वादळ सुटलं, तेव्हा या माणसानं रात्रभर खांब धरून ठेवला होता."

"आमचे वडील गेले तेव्हा खुर्च्या यांनीच पाठवल्या," मागची बाई म्हणाली. "भाडं विचारलं, तर हात जोडून निघून गेले."

पाच वाजून दहा मिनिटांनी एकही खुर्ची रिकामी नव्हती. साडेसहाशे भरल्या, तेवढीच माणसं कडेनं उभी. आणि दाराकडे एकही खुर्ची सरकली नव्हती. लोक त्या उचलून पुढे, आणखी पुढे आणत होते.

"बघितलंस?" येसाजीराव मिलिंदच्या कानाशी म्हणाले. "पस्तीस वर्षांत असं मैदान पाहिलं नाही मी. नागरत्नाम्मांना सांग, यंदा गुलाल मागवू नका म्हणावं, पैसे वाया जातील."

ते माइकपुढं उभे राहिले.  

"मी भाषणवाला माणूस नाही," ते म्हणाले. "मी खांब रोवणारा. तुमच्या सुखात रोवले, दुःखात रोवले. आज पहिल्यांदा स्वतःसाठी रोवलाय. तो धरायला तुम्ही आलात."

टाळ्या थांबेनात. कमलिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आता कामाचं बोलू. मतदानाला तीन दिवस आहेत. आपल्या या वॉर्डातल्या एकेका मतदारानं दहा-दहा घरं वाटून घ्यायची. आयतु? ठरलं? चला तर, या वॉर्डातले मतदार, हात वर करा. डोळे भरून बघू दे माझी माणसं."

टाळ्या थांबल्या. लोक हसऱ्या चेहऱ्यानं एकमेकांकडे पाहू लागले.

"तुम्ही कुठले?" श्रीनिवासरावांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं.

"हेब्बाळ. तुम्ही?"

"नजरबाद. माझं मत तिकडं."

मागच्या बाईनं आपल्या मागं पाहिलं, तिच्या मागच्यानं त्याच्या मागं. असं बघत बघत सगळ्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या. तिथं एक हात वर झाला होता. तोही नागरत्नाम्मांचा.