थंडीची तालीम

"डोळो काढू नको," गंगाराम म्हणाला. "नळी हलली बघ."

गुरुदासने रायफल पुन्हा खांद्याला लावली. गाल दस्त्यावर टेकवला, नजर समोरच्या माडावर धरली आणि बोल्ट उचलून मागे ओढला, पुढे ढकलून खाली दाबला. रायफल रिकामी होती. बापाने रानडुकरांसाठी परवाना काढून घेतलेली. पलटणीची तार काल आचऱ्याला पोचली होती. चीनशी लढाई पेटली होती. रजा रद्द, उद्याच्या गाडीने निघायचं.

"आता चलता मां हात, बाबा?"

"हंय चलता रे. थंय बर्फात चलाक व्हयो." गंगाराम मागच्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत लढून आला होता. त्याने सुनेला हाक मारली. "सुगंधा, तो बर्फ हाड गो."

सुगंधाने घमेलं आणून पायरीवर ठेवलं. मालवणच्या मासळीच्या गाडीवाल्याकडून मागून आणलेला बर्फ. त्याला अजून कोळंबीचा वास होता. गुरुदासने आयुष्यात दुसरा बर्फ पाहिला नव्हता. त्याने हसत हात आत खुपसले. हसू फार वेळ टिकलं नाही. बोटं पांढरी पडली तरी बाप हात काढू देईना.

"आता घे."

बोटांना बोल्टची मूठ कळेना. दोनदा निसटली. नळी पायरीकडे झुकली.

सुगंधा पुढे आली. तिने नवऱ्याचे हात पदरात गुंडाळून घट्ट धरले.

"सोड," गंगाराम म्हणाला. "थंय कोण येतलो उबवूक?"

तिने पदर सोडवून घेतला.

"बोटां मेली तरी चलात. ह्या तळव्यान मार." त्याने स्वतःचा तळवा उघडून दाखवला. "वर, मागे, पुढे, खाली. आणि डोळो थंयच."

हात पुन्हा बर्फात गेले. पुन्हा बाहेर आले. पुन्हा गेले. उन्हं ओटीवर चढली तेव्हा बोल्ट न अडखळता वाजू लागला. खटखट, खटखट. नळी हलली नाही, गाल दस्त्यावरून उठला नाही.

"बरो," गंगाराम म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच. आणि तोंड फिरवून अंगणाकडे बघत बसला.

सुगंधा बोल्टकडे बघत होती. मूठ लाल झाली होती. गुरुदासच्या तळव्याची साल निघून रक्त मनगटापर्यंत उतरलं होतं. तो अजून माडावर नेम धरून होता.

"अहो, दुखूक नाय?"

"काय?" गुरुदासने विचारलं.