लाल रेघ

"तुझ्या फोनलाही कान नाहीत की," बाबा म्हणाले. वायर हातात धरून त्यांनी फोनच्या चारही कडा चाचपल्या होत्या. पिन खुपसायला भोक कुठेच नव्हतं.

मुलीने पर्समधून बोटभर लांबीचा जोड काढला. त्याचं एक टोक फोनमध्ये गेलं, दुसऱ्यात बाबांची पिन बसली. वायर टेबलावरच्या जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरला जोडलेलीच होती.

"एवढा खटाटोप कशाला?" आई दारातून म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत ना, बाळ ठीक आहे. तेवढं सांग त्यांना."

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, मागच्या वेळीही हेच सांगत होतात."

मागच्या वेळी मुलीच्या पोटातलं बाळ गेलं, तेव्हा घरातल्यांनी बाबांना आठवडाभर 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगितलं होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला पुढचं कोण समजावत बसणार?

कान गेल्यापासून बाबा फक्त मुलीचे ओठ वाचत. आज मात्र ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर यंत्राच्या छोट्या काचेवर होती. काचेमागे एक काटा होता आणि उजव्या टोकाला लाल रेघ. काटा त्या रेघेपलीकडे गेला की आवाज फाटतो. ध्वनिमुद्रणाच्या नोकरीत त्यांनी तो कधी जाऊ दिला नाही. कान शाबूत होते तेव्हा घरी भांडणात आईचा आवाज चढला, तरी ते तळहात खाली दाबून दाखवत. त्याने तो आणखीच चढे, ती गोष्ट वेगळी.

त्यांनी खटका दाबला. दोन्ही चकत्या फिरू लागल्या. मुलीने फोनवर तपासणीच्या वेळी टिपून घेतलेला आवाज सुरू केला.

काटा हलला.

"हे बोलणं आहे," बाबा म्हणाले.

मुलीने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी वर पाहिलं. "डॉक्टर," तिचे ओठ म्हणाले.

काटा थरथरला. "आता काहीतरी घासतंय."

"पोटावर यंत्र फिरवतायत."

मग काटा डावीकडे जाऊन पडला. टेप फिरत राहिली, तिच्यावर काहीच उतरेना. मुलीने पुन्हा खांद्याला हात लावला. बाबांनी मान वर केली नाही. आवाजाच्या बटणावर ठेवलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती.

काटा उचलला गेला. पडला. पुन्हा उचलला गेला. मग त्याला थांबायला सवडच मिळेना.

बाबा पुढे वाकले. त्यांचा श्वास काचेवर उमटला, तो त्यांनी बाहीने पुसला.

"हे तुझंच असेल," ते हळूच म्हणाले. "पोटावरचं यंत्र तुझेच ठोके पकडत असेल."

मुलीने आपलं मनगट त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी नाडीवर बोटं टेकवली आणि नजर काट्यावर ठेवली. बोटांखाली ठोका पडे, आणि पुढचा पडायच्या आत काटा दोनदा उडून येई. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. एकीकडे सावकाश चालणारं कोणी, दुसरीकडे धावत सुटलेलं.

"ही तू," ते म्हणाले.

मनगट न सोडता त्यांनी दुसऱ्या हाताने बटण फिरवलं. काटा उंच उडू लागला. यंत्राच्या कर्ण्यातून येणारी धडधड खोलीभर झाली, खिडकीची काच तिच्याबरोबर किणकिणू लागली. आई कधी जवळ येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. काटा लाल रेघेला लागला, तिच्यापलीकडे गेला, आणि कर्णा खरखरला.

आईने बाबांच्या डोळ्यांसमोर तळहात धरून खाली दाबून दाखवला. अगदी त्यांच्यासारखा.

"फाटू दे," बाबा म्हणाले आणि त्यांनी बटण आणखी वर नेलं.