मॉड्यूलचं नाव

नावाची चौकट रिकामी होती, आणि ती भरल्याशिवाय संगणक पुढचं पान उघडायला तयार नव्हता.

बुरुलने गावोगावच्या दूध केंद्रांसाठी एक लहानसं मॉड्यूल लिहिलं होतं. स्प्रेडशीटमध्ये रोजचं दूध भरत जायचं, महिनाअखेरीला अहवाल आपोआप तयार. त्यांच्या नारीन भागात ते चाललं, तसं दूरच्या तलास आणि ओश प्रांतांतल्या केंद्रांनीही मागितलं. तेव्हा तिने ठरवलं, सगळ्यांना खुलंच करून टाकावं. ज्याला हवं त्याने फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं. आज प्रकाशित केलं की उद्या साऱ्या केंद्रांना ऑनलाइन समजावून सांगायचं होतं. पण हिशेब, अहवाल, गाय, कासंडी, जे सुचे ते जगात कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं. आणि एकदा दिलेलं नाव बदलता येत नव्हतं.

"बाबांचं दे," तिचा नवरा एर्मेक म्हणाला. "जगभर जाईल."

सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, हे किरगिझ घरात कुणाला शिकवावं लागत नाही. पूर्वीच्या सुना तर, सासऱ्याच्या नावात कोकरू असेल, तर जन्मभर कोकराला 'बें-बें करणारं' म्हणत. बुरुल शहरात शिकलेली. पण सासरे जाऊनही तिची जीभ वळत नव्हती. उद्या चार माणसांत तिला स्वतःच्याच कामाचं नाव घेता आलं नसतं. तिने हे कसंबसं सांगितलं, तर एर्मेक म्हणाला, तोंडाने घेतेस कशाला, टाइप कर की.

एर्मेकची आई पलीकडे बोरसोक तळायचे म्हणून कणीक मळत होती. दोघंही तिला आपा म्हणत.

"ह्याला जन्म कुणी दिला?" तिने विचारलं.

"हिने," एर्मेक म्हणाला.

"मग दारात उभं राहून त्याला नावाने हाकही हीच मारणार. बापाचं नाव चालवायची एवढी हौस आहे, तर बापासारखं पहाटे उठून दाखव."

एर्मेक हसला आणि स्वतःला चहा ओतून घेऊ लागला.

नाव ठेवण्याचा मान घरातल्या थोरांचा. बुरुल म्हणाली, "आपा, मग तुम्हीच सांगा."

आपाने कणकेचा गोळा पालथा घातला.

"माझं ठेव," ती म्हणाली. "ते घेणारं आता कुणी उरलं नाही."

खरंच नव्हतं. ह्या घरात ती आधी सून होती, मग एर्मेकची आई, मग आपा. नवरा 'अगं म्हातारे' म्हणायचा, तेही तिचे केस काळे असल्यापासून. माहेरची माणसं एकेक करून गेली होती.

बुरुलने अक्षरं टाइप केली. चौकट हिरवी झाली. साऱ्या जगात ते नाव मोकळं होतं. पण बटणावर तिचं बोट अडलं.

"आपा, तुमचं तरी मी कसं घेऊ?"

"माझं नाव, माझी परवानगी. घे बघू."

बुरुल पुटपुटली.

"उद्या ओशपर्यंत ऐकू जायचंय."

"अनिपा," बुरुल मोठ्याने म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

आपाचे हात कणकेत थांबले. तिने खिडकीबाहेर पाहिलं, आणि ओढ्यापलीकडून कुणी बोलावल्यासारखी, पोरीच्या बारीक आवाजात, तिने ओ दिली.